विसरलेला बॉम्ब : ‘टच ऑफ ईव्हिल’चा प्रारंभ, दोन रूपांत

रहस्यपटाच्या केवळ पहिल्या काही मिनिटांचे परीक्षण करायचे ठरवले, तर दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या १९५८ सालच्या ‘टच ऑफ ईव्हिल’इतका सोयीचा चित्रपट सापडणे कठीण आहे, कारण त्याचा प्रारंभ आज आपल्याला दोन निरनिराळ्या रूपांत, शेजारीशेजारी ठेवून पाहता येतो. युनिव्हर्सल कंपनीने २०१४ साली काढलेल्या ब्लू-रे संचात या चित्रपटाच्या तीन आवृत्त्या आहेत: १९५८ साली चित्रपटगृहांत लागलेली सुमारे ९६ मिनिटांची, त्याआधी चाचणी-खेळासाठी तयार केलेली आणि पुढे १९७० च्या दशकात हाती लागलेली सुमारे १०९ मिनिटांची, आणि वेल्स यांच्या लेखी सूचनांनुसार १९९८ साली नव्याने संकलित केलेली सुमारे १११ मिनिटांची. पहिल्या दोन आवृत्त्यांत प्रारंभावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत आहे. तिसरीत चित्र तेच ठेवून वरची अक्षरे पुसली आहेत आणि मागचा ध्वनी बदलला आहे. एकच चित्र, दोन ध्वनी. ताण कुठून येतो, तो चित्रातून येतो की कानातून, हे तपासायला याहून स्वच्छ प्रयोग कोणी मुद्दाम रचला असता तरी रचता आला नसता. हे परीक्षण सबंध चित्रपटाचे नसून त्या सुमारे तीन मिनिटे वीस सेकंदांच्या सलग चित्रणाचे आणि ते या संचात ज्या रीतीने समोर येते त्याचे आहे. प्रारंभात काय घडते ते पुढे सविस्तर येईल. गुन्हा कोणी केला हे मात्र सांगणार नाही.

पडद्यावर सर्वांत आधी दिसतात ते दोन हात आणि त्यांत धरलेला टाइमबॉम्ब. बोटे घड्याळाची खूण फिरवून ती सुमारे तीन मिनिटांवर आणून ठेवतात. पाठीमागून एका स्त्रीचे हसणे ऐकू येते, बॉम्बवाला दचकून त्या दिशेला वळतो, आणि त्याच्याबरोबर कॅमेराही वळून दूरवर कमानींखालून चालत येणारे एक जोडपे आपल्याला दाखवतो. मग तो माणूस उलट दिशेने पळत सुटतो. भिंतीवरून त्याची सावली त्याच्यापेक्षा मोठी होऊन धावते. उभ्या असलेल्या उघड्या टपाच्या गाडीची डिकी उघडून तो बॉम्ब आत ठेवतो आणि अंधारात नाहीसा होतो. लगेच ते जोडपे येते, गाडीत बसते, गाडी सुरू होते. कॅमेरा क्रेनवरून उंच उठतो, गाडी इमारतीमागे जाते तेव्हा छपरांवरून पुढे सरकतो, रस्त्यावर उतरतो, आणि गाडी पलीकडून वळसा घालून समोर येते तेव्हा तो तिच्यापुढे मागे-मागे सरकत आधीच तिची वाट पाहत असतो. यानंतर गाडी, वाहतूक पोलीस, हातगाडीवाला, रस्ता अडवणाऱ्या बकऱ्या, गर्दी, आणि त्या गर्दीतून चालत येणारे दुसरे जोडपे, म्हणजे मेक्सिकन अधिकारी व्हार्गास (चार्लटन हेस्टन) आणि त्याची नवपरिणीत अमेरिकन पत्नी सुझन (जॅनेट ली), अशी सगळी मंडळी एकाच रस्त्यावरून मेक्सिको आणि अमेरिका यांच्या सीमेवरच्या नाक्याकडे सरकू लागतात. या सबंध प्रवासात एकदाही काट, म्हणजे चित्रण तोडून दुसऱ्या चित्रणाला जोडणे, नाही.

या सलग चित्रणाचे कौतुक बहुतेक वेळा तांत्रिक कसरत म्हणूनच होते: क्रेन किती मोठी, माणसे किती, वेळ किती नेमकी साधली. छायाचित्रकार रसेल मेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ती कसरत खरीच आहे. परंतु कसरत हे तिचे प्रयोजन नव्हे. पहिल्याच क्षणी घड्याळ तीन मिनिटांवर लावलेले आपल्याला दाखवले जाते आणि नंतरची जवळजवळ तेवढीच मिनिटे आपल्याला अखंड पाहावी लागतात. म्हणजे दिग्दर्शक प्रेक्षकाशी एक करार करतो आणि तो पाळतो. काट असलेल्या दृश्यात वेळ लवचीक असतो. संकलक शेवटची दहा सेकंदे मिनिटभर ताणू शकतो, किंवा मधला अर्धा तास गिळू शकतो, आणि प्रेक्षकाला सवयीने ते ठाऊक असल्यामुळे त्याच्या मनात खोलवर कुठेतरी एक दिलासा असतो की नायक पोहोचेपर्यंत घड्याळ थांबेल. इथे तो दिलासा काढून घेतला आहे. पडद्यावरचे घड्याळ आणि प्रेक्षकाच्या मनगटावरचे घड्याळ एकाच गतीने चालत आहेत, आणि वाहतूक पोलिसाने गाडी दहा सेकंद थांबवली तर ती दहा सेकंदे खरोखरच कोणाच्या तरी आयुष्यातून वजा होत आहेत.

रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रसिद्ध मुलाखतीत धक्का आणि उत्कंठा यांतला फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावला होता: बॉम्ब असल्याचे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर स्फोटाच्या वेळी त्याला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो, आणि ठाऊक असेल तर पंधरा मिनिटांची उत्कंठा. ही मुलाखत १९६२ साली झाली, म्हणजे वेल्स यांचा चित्रपट तिच्या चार वर्षे आधीचा. परंतु तो तत्त्वाचे उदाहरण म्हणून पाहिला तरी एक फरक ठळकपणे लक्षात येतो. हिचकॉक यांच्या उदाहरणात माणसे टेबलाशी बसून राहतात आणि बॉम्ब त्यांच्याखाली असतो. वेल्स यांच्याकडे टेबलच चालू लागते. बॉम्ब कुठे आहे हे ठाऊक असूनही तो पुढच्या क्षणी कोणाच्या जवळ असेल, हे ठाऊक नसते, आणि त्यामुळे प्रेक्षकाची भीती एका जागी स्थिर राहत नाही. ती गाडीबरोबर रस्त्यावरून फिरते आणि वाटेत येईल त्याला चिकटते: आधी हातगाडीवाल्याला, मग पोलिसाला, मग बकऱ्या हाकणाऱ्याला.

आणि सर्वांत घट्ट चिकटते ती व्हार्गास व सुझन यांना. या ठिकाणी दृश्याची खरी चतुराई आहे, आणि तिच्याकडे जावे तेवढे लक्ष जात नाही असे मला वाटते. मरणार आहेत ते गाडीतले दोघे: श्रीमंत अमेरिकन लिनेकर आणि त्याच्या शेजारी बसलेली नर्तकी झिटा. त्यांच्याविषयी आपल्याला काहीही सांगितले जात नाही. ते हसतात, गाडीत बसतात, आणि त्यानंतर बराच वेळ ते आपल्यासाठी केवळ गाडीचे प्रवासी असतात. याउलट पायी चालणारे दोघे तरुण, देखणे, नुकतेच लग्न झालेले, ओळखीचे चेहरे असलेले नट आहेत. चित्रपट त्यांचा असणार हे आपण क्षणात ओळखतो. कॅमेरा आता गाडी सोडून त्यांच्यासोबत चालू लागतो. गाडी पुढे जाते, थांबते; हे दोघे तिला गाठतात, तिच्या पुढून रस्ता ओलांडतात; ती पुन्हा त्यांना मागे टाकते; नाक्यावर दोन्ही पुन्हा शेजारी येतात. ज्या बॉम्बचे या दोघांशी काहीही देणेघेणे नाही, त्याची भीती आपण त्यांच्या नावावर लिहून टाकतो. परिणामी प्रेक्षकाच्या मनात एक अस्वस्थ करणारी गोष्ट घडते: गाडी दूर गेली की सुटल्यासारखे वाटते, आणि त्या गाडीतही दोन माणसे आहेत याचा विचार आपण केलेलाच नसतो. न्यायाच्या नावाखाली कोणाचा जीव मोलाचा आणि कोणाचा नाही हे परस्पर ठरवून टाकणाऱ्या हँक क्विनलन या पोलीस अधिकाऱ्याची ही गोष्ट आहे (ती भूमिका स्वतः वेल्स यांनी केली आहे). तो पडद्यावर येण्याआधीच तशी निवड प्रेक्षकाकडून करवून घेतली गेलेली असते.

ताण जसा घड्याळातून येतो, तसे रहस्य येते ते रोखून धरलेल्या माहितीतून, आणि ही दोन कामे वेल्स यांनी फार नेमकेपणाने वाटून दिली आहेत. ‘काय’ आणि ‘केव्हा’ ही दोन उत्तरे पहिल्या अर्ध्या मिनिटातच मिळतात. ‘कोण’, ‘का’ आणि ‘कुठे’ ही तीन मिळत नाहीत. बॉम्ब ठेवणाऱ्याचे हात अगदी जवळून दिसतात, सावली प्रचंड मोठी दिसते, परंतु चेहरा ओळख पटेल असा दिसत नाही. दुय्यम दर्जाचा दिग्दर्शक असता तर त्याने या माणसाला टोपी आणि उभी कॉलर देऊन, त्याचा चेहरा लपवला आहे हे ठसवून दाखवले असते. वेल्स त्याला लपवत नाहीत, ते त्याला नुसते वेगाने पुढे जाऊ देतात. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या कामात गुंतलेला असतो, आणि तो दिसेनासा झाल्यावर आपल्याला कळते की आपले त्याच्याकडे पाहायचे राहूनच गेले. साक्षीदाराची जबानी अशीच असते. हात आठवतात, पळणे आठवते, चेहरा विचारला की शब्द अडखळतात.

‘कुठे’ या प्रश्नाचे महत्त्व तर पुढे जाऊन कळते. बॉम्ब ठेवला जातो सीमेच्या मेक्सिकन बाजूला; घड्याळ चालू असताना गाडी नाका ओलांडते, आणि म्हणून हा गुन्हा नेमका कोणाच्या हद्दीत घडला, तपास कोणी करायचा, व्हार्गासला त्यात बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हा पुढच्या सगळ्या संघर्षाचा पाया त्या तीन मिनिटांतच घातला जातो. हे कोणी तोंडाने सांगत नाही. गाडीचा रस्ताच ते सांगतो.

नाक्यावरचा प्रसंग हा या दृश्यातला सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत क्रूर भाग आहे. गाडी थांबते, पायी आलेले जोडपेही थांबते, आणि कस्टम अधिकारी नेहमीचे प्रश्न विचारू लागतो: नागरिकत्व कोणते, जन्म कुठला. मग त्याला व्हार्गासची ओळख पटते आणि अमली पदार्थांच्या टोळीवरच्या त्याच्या कारवाईविषयी तो कौतुकाने बोलतो. व्हार्गास थट्टेने सांगतो की आत्ता तो फक्त बायकोसाठी चॉकलेट सोड्याच्या मागावर आहे. गप्पा रेंगाळतात. बॉम्ब हाताच्या अंतरावर असतो. आणि तेवढ्यात गाडीतली झिटा तक्रार करते की तिच्या डोक्यात सारखी टिकटिक होते आहे. ती पुन्हा सांगते, खरेच होते आहे म्हणून. कोणीही तिच्याकडे लक्ष देत नाही. अधिकारी प्रसिद्ध माणसाशी बोलण्यात गुंतलेला असतो आणि शेजारचा पुरुष घाईत असतो. सबंध दृश्यात सत्य उच्चारणारी व्यक्ती ती एकच, आणि ती नाइट क्लबात नाचणारी बाई असल्यामुळे तिचे बोलणे हवेत विरते. भीतिदायक संगीत, घामेजलेला चेहरा, घड्याळाचा काटा, यांपैकी कशाचाही आधार न घेता केवळ एका दुर्लक्षित वाक्यावर ताण शिगेला पोहोचवण्याचे हे कसब रहस्यपट लिहिणाऱ्या कोणीही बारकाईने अभ्यासावे.

गाडी निघून जाते. व्हार्गास आणि सुझन काही पावले चालतात. ती प्रथमच त्याच्यासोबत आपल्या देशात आली आहे याची आठवण करून देते, तो तासाभरात तिचे चुंबन घेतले नसल्याची. ते एकमेकांजवळ येतात आणि स्फोटाचा आवाज होतो. लक्षात घ्यावे, आवाज आधी होतो, तोही चौकटीबाहेर. दोघांच्या माना वळतात. आणि तेव्हा कुठे चित्रपटातली पहिली काट येऊन पेटलेली गाडी दिसते. तीन मिनिटे रोखून धरलेली काट आणि तीन मिनिटे रोखून धरलेला स्फोट हे असे एकाच ठिकाणी येतात. त्यानंतर कॅमेऱ्याची सगळी ऐट निघून जाते. क्रेनवरून राजेशाही थाटात तरंगणारी नजर धावत्या माणसांबरोबर हेलकावू लागते.

आता दोन रूपांच्या तुलनेकडे. वेल्स यांनी चित्रण १९५७ च्या पूर्वार्धात पूर्ण केले, परंतु संकलनाच्या काळात चित्रपट त्यांच्या हातून गेला. स्टुडिओने हॅरी केलर या दुसऱ्या दिग्दर्शकाकडून काही जादा दृश्ये चित्रित करवून घेतली. डिसेंबर १९५७ मध्ये स्टुडिओची जुळणी पाहिल्यावर वेल्स यांनी निर्मितिप्रमुख एडवर्ड मूल यांना ५८ पानांचे टिपण पाठवले. त्यातल्या थोड्याच सूचना मानल्या गेल्या. प्रारंभाविषयीच्या सूचना मानल्या गेल्या नाहीत: त्यांना या चित्रणावर श्रेयनामावली नको होती, आणि एकसंध पार्श्वसंगीताऐवजी त्या रस्त्यावरच्या निरनिराळ्या क्लबांतून आणि दारूच्या गुत्त्यांतून बाहेर सांडणाऱ्या संगीताचे तुकडे एकात एक मिसळत जावेत अशी त्यांची इच्छा होती. ही गाणी रस्त्यावरच्या कर्ण्यांतून येत असल्याने ती तितकीच वाईट, कर्कश ऐकू आली पाहिजेत, याबद्दल ते इतके आग्रही होते की ध्वनिमुद्रण एखाद्या साध्या कर्ण्यावरून उघड्यावर वाजवून पुन्हा मुद्रित करावे असे त्यांनी सुचवले. १९९८ साली निर्माते रिक श्मिडलिन यांनी हे टिपण समोर ठेवून पुनर्रचनेचे काम संकलक आणि ध्वनिसंयोजक वॉल्टर मर्च यांच्याकडे सोपवले. मर्च यांनी आपल्या ध्वनिसंयोजनात हेच तंत्र कैक वर्षे आधी, वेल्स यांचे टिपण पाहण्यापूर्वीच, स्वतंत्रपणे वापरलेले होते. माणूस योग्य सापडला असे म्हणायला हरकत नाही.

जुन्या रूपात चित्र सुरू होताच मॅन्सिनी यांचे संगीत सुरू होते: बोंगोंचा (हाताने वाजवायच्या जोड-ढोलांचा) अखंड ठेका आणि त्यावर तारसप्तकात जाणारी पितळी वाद्ये. ठेका घड्याळासारखा चालतो; म्हणजे घड्याळ डिकीत बंद झाले तरी संगीत त्याची आठवण एक क्षणही पुसू देत नाही. वरून मोठाली नावे येत-जात राहतात. हे संगीत वाईट आहे असे कोणीही म्हणू नये. ते उत्तम आहे, तबकडीवर स्वतंत्रपणे ऐकण्याजोगे आहे, आणि मी स्वतः हा चित्रपट पहिल्यांदा याच रूपात पाहिला तेव्हा खुर्चीच्या कडेला सरकून बसलो होतो. परंतु ते प्रेक्षकाच्या वतीने घाबरण्याचे काम स्वतःच करून टाकते.

नव्या रूपात अक्षरे नाहीत (सुदैवाने नावांविना असलेले चित्रण जतन झाले होते) आणि पार्श्वसंगीत नाही. बॉम्बच्या घड्याळाची टिकटिक, पळणारी पावले, डिकी बंद होण्याचा आवाज, इंजीन, आणि मग रस्ता. एका दारातून एक चाल ऐकू येते, गाडी पुढे सरकते तसे दुसऱ्या दारातून दुसरी. मध्येच पोलिसाची शिटी, बकऱ्या, लोकांचे बोलणे. यातले संगीतही मॅन्सिनी यांचेच आहे, त्यांनी याच चित्रपटासाठी रचलेले. फक्त ते आता आपल्यासाठी वाजत नसून त्या गावासाठी वाजते. गाडीच्या रेडिओवरचे गाणे तेवढे गाडीबरोबर फिरत राहते: गाडी जवळ आली की चढते, दूर गेली की बुडते.

आणि या रूपात मला एक गोष्ट जाणवली, जी वर्षानुवर्षे जुने रूप पाहूनही जाणवली नव्हती: मी बॉम्ब विसरलो. रस्त्यावर पाहण्यासारखे आणि ऐकण्यासारखे इतके असते, ते दोघे इतके मजेत चालत असतात, की वीस-पंचवीस सेकंद मी नुसता त्या गावात होतो. मग चौकटीच्या कडेने रेडिओचा आवाज पुन्हा आत सरकला आणि पोटात खड्डा पडला. भीती सतत ताणून धरली की तिची सवय होते. घाटातल्या वळणांची होते तशी. ती मध्ये निसटून पुन्हा हाती आली तर प्रत्येक वेळी नवी वाटते, आणि शिवाय तिच्यासोबत आपण विसरलो कसे, ही एक अपराधी टोचणीही येते. जुने रूप बॉम्बची आठवण ठेवायला लावते, नवे रूप तो विसरायला लावते. आणि या दृश्याचा ताण माझ्या मते विसरण्यातच आहे. झिटाचे टिकटिकीविषयीचे वाक्य याची साक्ष देते. जुन्या रूपात आपण तेवढा वेळ बोंगोंच्या रूपाने टिकटिक ऐकतच असतो, त्यामुळे ते वाक्य गंमतीदार योगायोगासारखे वाटते. नव्या रूपात ते आठवण करून देणारे वाक्य होते, आणि ते अंगावर येते.

असे असले तरी पुनर्रचित आवृत्तीला दिग्दर्शकाची अंतिम आवृत्ती म्हणणे योग्य नव्हे. वेल्स १९८५ साली वारले. टिपणातल्या शब्दांचा अर्थ ध्वनीत उतरवताना कोणता तुकडा कधी सुरू व्हावा, किती मोठा असावा, हे निर्णय मर्च यांचे आहेत, आणि ते कितीही जाणतेपणाने घेतलेले असले तरी दुसऱ्याचेच आहेत. शिवाय जुन्या रूपाच्या बाजूने एक मुद्दा मान्य करावा लागेल. घाईत असलेल्या, गोंगाटाच्या दिवाणखान्यात बसलेल्या प्रेक्षकाला नवे रूप पहिल्या भेटीत पसरट वाटू शकते. त्याला कानांची एकाग्रता लागते, तर मॅन्सिनींचे संगीत प्रेक्षकाला मानगूट धरून आत ओढते. १९५८ साली जोडखेळातला (एका तिकिटात दोन चित्रपट असलेल्या खेळातला) दुय्यम चित्रपट म्हणून हा चित्रपट विकायचा असलेल्या स्टुडिओने असा निर्णय का घेतला असेल, हे समजण्यासारखे आहे. समजणे आणि पटणे या अर्थात वेगळ्या गोष्टी.

उणिवांपैकी दोन नोंदवतो. हेस्टन यांना चेहरा सावळा रंगवून मेक्सिकन केले आहे, आणि ते आजच्या डोळ्यांना पहिल्या दर्शनातच खटकते. प्रारंभात व्हार्गास बहुतेक वेळ चालत आणि थोडेच बोलत असल्याने ती खटक सौम्य राहते, पुढे वाढते. दुसरी उणीव काही जणांना उणीव वाटेल, काहींना वाटणार नाही: प्रारंभाने निर्माण केलेल्या ‘कोण’ या प्रश्नाचे उत्तर चित्रपट अगदी शेवटी, एखाद्या वाक्यात, जाता जाता देतो. गुन्हेगार शोधण्याच्या उत्सुकतेने बसलेल्या वाचक-प्रेक्षकाची त्याने निराशा होईल. तोपर्यंत चित्रपटाचा प्रश्नच बदललेला असतो, तपास करणारा पुरावे कसे मिळवतो याकडे तो वळलेला असतो, हे लक्षात घेतले तर ते जाता जाता दिलेले उत्तर मला तरी योग्यच वाटते.

गावाविषयी एक जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट. पडद्यावरचे हे सीमेवरचे गाव मेक्सिकोत नाहीच. ते लॉस एंजेलिसमधले व्हेनिस आहे. इटलीतल्या व्हेनिसच्या हौसेने विसाव्या शतकाच्या आरंभी वसवलेले, आणि चित्रणाच्या काळापर्यंत पार रया गेलेले. त्या कमानी, ज्यांखालून लिनेकर आणि झिटा पहिल्यांदा चालत येतात, त्या हौसेच्या उरलेल्या खुणा आहेत. खोट्या इटलीने खोट्या मेक्सिकोची भूमिका केली आहे, आणि ती इतकी पटते की कळल्यावरही विश्वास बसत नाही.

संचाविषयी थोडेसे. तिन्ही आवृत्त्यांचे चित्र स्वच्छ आहे, आणि या दृश्यासाठी ते महत्त्वाचे ठरते, कारण दूरवर, चौकटीच्या कोपऱ्यात असलेली गाडी ओळखू येणे यावर सगळा खेळ आहे. सोबत वेल्स यांच्या टिपणाची पुस्तिका दिली आहे. तिच्यातली प्रारंभाविषयीची पाने वाचून मग दृश्य पाहिले तर प्रत्येक सूचनेचे काय झाले ते जागेवर तपासता येते, आणि माझ्या दृष्टीने हीच पुस्तिका संचाची खरी किंमत वसूल करून देते. समालोचनाचे चार ध्वनिपट आहेत. त्यांपैकी पुनर्रचित आवृत्तीवर श्मिडलिन यांच्यासोबत हेस्टन आणि ली बोलतात तो आठवणींसाठी ऐकावा, आणि चाचणी-खेळाच्या आवृत्तीवर चित्रपट-अभ्यासक जोनाथन रोझेनबाम व जेम्स नॅरेमोर बोलतात तो विश्लेषणासाठी. नाक्यावरच्या अधिकाऱ्याची भूमिका करणारा नट वाक्ये विसरत गेल्यामुळे रात्रभर पुनःपुन्हा चित्रण करावे लागले आणि पहाट होता होता शेवटचा टेक साधला, ही आठवण हेस्टन यांनी अनेकदा सांगितली आहे. ती ऐकल्यावर त्या अधिकाऱ्याच्या निवांत गप्पांकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते: घड्याळ कॅमेऱ्याच्या मागेही चालू होते.

प्रथमच पाहणाऱ्याने पुनर्रचित आवृत्तीपासून सुरुवात करावी, दिवे घालवून आणि शक्य असल्यास चांगला हेडफोन लावून. दूरचित्रवाणीच्या पातळ स्पीकरवर क्लबांची गाणी एकमेकांत कालवली जातात आणि गाडीचा रेडिओ त्यांतून वेगळा निघत नाही. त्यानंतर १९५८ ची आवृत्ती फक्त स्फोटापर्यंत पाहावी. आणि मग पुनर्रचित प्रारंभ एकदा डोळे मिटून ऐकावा. गाडी कुठे आहे हे रेडिओवरून कळत राहते. ती येते, थांबते, नाक्यावर अगदी जवळ येऊन उभी राहते, त्या बाईची तक्रार होते, इंजिनाचा आवाज चढतो, गाणे दूर जात जात विरते, आणि कानांत उरते ती फक्त दोन माणसांची लाडिक कुजबुज.